सांबर, सरकार आणि तीनशे पंधरा
सांबराच्या शिकारीला कोणत्या मापाची रायफल घ्यावी, हे शिकाऱ्याने ठरवावे असे कोणालाही वाटेल. इंग्रजी अमलात ते सरकार ठरवीत असे.

१८८८ साली ब्रिटिश फौजेने .३०३ इंच मापाची रायफल घेतली. सांबराला ती पुरेशी होती; पण पलटणीचे काडतूस रयतेच्या घरी असावे, हे सत्तावनचा धसका घेतलेल्या सरकारला कसे मानवणार? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवाना आणलाच होता. पुढे लष्करी मापही खासगी माणसाला वर्ज्य झाले.

मग तोड निघाली .३१५ ची. गंमत अशी, की हे काडतूसही लष्करीच. पण ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे! ते .३०३ मध्ये बसत नाही, म्हणून निर्धोक. फरक इंचाच्या बारा हजारांशांचा. सांबराला तो कळण्याजोगा नव्हता.

स्वातंत्र्यानंतरही .३०३ वर्ज्यच राहिली. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने.३१५ बनवली. राज्य बदलले, माप तेच.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकारच संपली. आधीच्या कायद्याला राज्यकर्त्याच्या जिवाची काळजी होती. या कायद्याला मुक्या जनावराच्या.