अश्रूंना विभाव असतो

बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरचा तालुका अंबाजोगाई, पण विधानसभेचा मतदारसंघ परळी. या पट्ट्यातल्या निवडणुकांवर लिहिताना एक निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो: इथला मतदार भावनेत वाहून जातो, सभेत डोळ्यांत पाणी आणा, प्रचाराच्या संकेतस्थळावर दिवंगत नेत्याचा फोटो लावा, मतं आपोआप पडतात.

या मताला आधार नाही असं नव्हे. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे दिल्लीत अपघातात गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांची मुलगी प्रीतम मुंडे बीडमधून ६,९६,३२१ मतांच्या फरकाने लोकसभेवर गेल्या. तेव्हाचा तो देशातला विक्रम. पण त्या लढतीत राष्ट्रवादीने उमेदवारच दिला नव्हता, ही गोष्ट हा दाखला देताना हमखास गळते.

आणि शोकाची जादू एवढीच प्रबळ असेल, तर पुढचं काय? २०१९च्या विधानसभेला प्रचाराच्या शेवटच्या दिवशी प्रीतम यांची बहीण पंकजा मुंडे परळीत व्यासपीठावरच भोवळ येऊन पडल्या. तेच घराणं, तीच आठवण, आणि त्या सुमारे ३० हजार मतांनी हरल्या. २०२४च्या लोकसभेत बीडमधून पुन्हा हरल्या, ६,५५३ मतांनी. यावर उत्तर येतं की तेव्हा मराठा आरक्षणाची दुसरी भावना उभी राहिली होती. मान्य. पण मग मतदार वाहून गेला कुठे? दोन भावनांमधून त्याने निवड केली. आणि आरक्षणाची भावना म्हणजे मुलाची फी, त्याचा प्रवेश, त्याची नोकरी.

खरी चूक मुळात आहे. भावना आणि विचार हे एकमेकांचे वैरी, असं आपण धरून चालतो. भरताच्या नाट्यशास्त्राने तसं मानलं नाही. तिथे रस विभावावाचून, म्हणजे भाव जागवणाऱ्या कारणावाचून, निष्पन्न होत नाही. भावनेला कारण लागतं. ॲरिस्टॉटलही रागाची व्याख्या करताना कुणी, कुणाचा, का अवमान केला, हेच विचारतो. कारण खरं की खोटं, हे तपासता येतं, म्हणून भावनाही तपासता येते. साताऱ्यात १८ ऑक्टोबर २०१९ला शरद पवार भिजत बोलले. सगळ्यांना पाऊस आठवतो. पण त्या भाषणात त्यांनी लोकसभेचा उमेदवार निवडण्यात आपली चूक झाल्याचं कबूल केलं होतं, आणि माझ्या मते त्या पावसाला वजन आलं ते त्या कबुलीमुळे.

म्हणून ‘भावनिक भाषण नको, मुद्द्याचं बोला’ हा आग्रह मला पटत नाही. बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हे २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या चौकशीत पुढे आलं. हा आकडा कोरड्या आवाजात वाचणं म्हणजे विवेक नव्हे. इथे संताप हेच विषयाचं नेमकं आकलन आहे. आणि संताप करणाऱ्याला तिथेच, सभेतच, विचारता येतं: खाडा झाला म्हणून कापला जाणारा दंड कधी बंद होणार? उसाच्या फडावर डॉक्टर कधी येणार? उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीबाहेर कोण लिहिणार?