दोन रिकामे पाईप

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांतलं 'काहीतरी जुनं' लिहायला सांगितलं. गणपती, कोजागरी, पाण्याची टाकी, पार्किंगची भांडणं यावर इतर मंडळी लिहिणारच आहेत. मी पहिल्या कमिटीचा खजिनदार, म्हणून बिलांच्या फायली माझ्याकडे. त्या चाळताना वाटलं, आपल्या घराघरांत टीव्ही, फोन आणि इंटरनेट कसे पोहोचले, याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. त्यात माझी एक चूकही आहे. ती मी असताना लिहिलेली बरी.

आपल्यातले बरेचजण पेठांतल्या वाड्यांतून इथे आले. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं. त्यानंतर पुण्यातल्या कौलांवरचे सगळे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. कावळा बसला की चित्र हलायचं. मग एकाने वर चढायचं, एकाने खिडकीतून 'आलं, आलं... गेलं!' असं ओरडायचं. फोन तर वाड्यात एखाद्याकडेच. नंबर लागायला वर्षं जायची. बाहेरगावी बोलायचं तर एसटीडीच्या बूथवर रात्री अकरानंतर रांग, कारण तेव्हा पाव दर लागायचा. तारा कमी होत्या, पण ज्या होत्या त्या सगळ्यांच्या होत्या. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल टीव्ही आला, १९९२ मध्ये झी सुरू झालं आणि गच्ची ते गच्ची काळ्या वायरी लोंबायला लागल्या. तिथून प्रत्येक घर आपापली वायर बघायला लागलं.

१९९९ च्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. दोन्ही विंगचं विटकाम झालं होतं, प्लास्टर व्हायचं होतं. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून आपली मीटिंग भरली. त्यात बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून पुढे सगळे त्यांना टेलिफोनकाकाच म्हणू लागले. त्यांनी हातानं काढलेला एक नकाशा आणला होता. जिन्याशेजारच्या कोरड्या डक्टमधून प्रत्येक फ्लॅटपर्यंत दोन पीव्हीसी पाईप न्यायचे, दारामागे एक छोटी पेटी बसवायची आणि तिथून हॉल व दोन्ही बेडरूमपर्यंत पुन्हा दोन-दोन पाईप भिंतीत गाडायचे. एकात फोन आणि टीव्हीची वायर, दुसरा रिकामा. आत नुसती एक जीआय तार सोडून ठेवायची, म्हणजे पुढे काही ओढायचं झालं तर ओढता येईल. खर्च फ्लॅटमागे साडेसातशे रुपये.

मी हरकत घेतली. बिल्डरचे शेवटचे हप्ते डोक्यावर होते, कर्जाचे व्याज चालू होते. मी म्हणालो, "काका, टीव्ही हॉलमध्ये, फोन हॉलमध्ये. बेडरूममध्ये वायर कशाला? आणि रिकाम्या पाईपला पैसे कोण देतं?" लोक हसले. काका म्हणाले, "अहो खजिनदार, रिकामा आहे म्हणूनच तर घालायचा." यावर आणखी हशा झाला. शेवटी ए विंगने ठराव फेटाळला. बी विंगच्या सोळा जणांना काकांनी घरोघरी जाऊन पटवलं आणि त्यांनी आपले बारा हजार रुपये भरले. ए विंगचे बारा हजार मी वाचवले, याचा मला तेव्हा अभिमान होता.

२००० च्या पाडव्याला ताबा मिळाला, त्याच वर्षी सोसायटी नोंदली गेली. केबलवाला आला. बी विंगमध्ये त्याने गच्चीवरून डक्टमधल्या पेटीपर्यंत एक जाड वायर आणली आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला वेगळी. ए विंगमध्ये पाईप नव्हते, म्हणून चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आत, तिथे एक फाटा, मग तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर. केबलचा सिग्नल पाण्यासारखा आहे. एका फाट्याने दोन वाटे झाले की प्रत्येक वाट्याला निम्म्याहून थोडा कमीच येतो, शिवाय वायरीच्या लांबीत गळती होते ती वेगळीच. आमच्या पहिल्या मजल्यावर येईपर्यंत चित्रात मुंग्याच मुंग्या.

३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं, ती संध्याकाळ आठवते. नऊ वाजले आणि आमच्याकडे अमिताभ बच्चन नुसते ऐकू येत होते. पहिल्या मजल्यावरची चारही कुटुंबं बी विंगमध्ये पोहोचली. केबलवाल्याने मग गच्चीवर अँप्लिफायर बसवला आणि त्याला वीज घेतली जिन्याच्या दिव्याच्या मीटरवरून. ते सोसायटीच्या बिलात दिसल्यावर जी सभा झाली, तिचा वृत्तांत चार पानी आहे! त्यातून चित्र सुधारलं, पण दुसऱ्या मजल्यावर कुणी रंगकाम काढलं की खालच्यांचा टीव्ही बंद, हे चालूच राहिलं.

फोनचं दुखणं याहून मोठं. बी विंगच्या फोनच्या वायरी कोरड्या डक्टमधून गेल्या, आमच्या मात्र बाथरूमच्या पाईपांच्या डक्टमधून. सांधे इन्सुलेशन टेपने गुंडाळलेले. पावसाळ्यात फोनवर खरखर ठरलेली.

जुलै २००१ मध्ये एका दुपारी केबलवाल्याच्या पोराने नव्या जोडणीसाठी आमच्या डक्टमध्ये ड्रिल मारलं आणि फोनची केबल तुटली. कुणाच्या लक्षात आलं नाही. रात्री दोन वाजता माझ्या आईला धाप लागली. बसूनही श्वास घेता येईना. मी फोन उचलला, तो मुका. आमच्याकडे मोबाईल नव्हता. ए विंगमध्ये आणखी दोन दारं वाजवली, तिथेही फोन बंद. पावसात पळत बी विंगमध्ये गेलो आणि काकांची बेल दाबली. त्यांनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता फोन हातात दिला. आमचे डॉक्टर वीस मिनिटांत आले, त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली.

सकाळी हॉस्पिटलमधून परत आलो तर काका आमच्या डक्टमध्ये उभे. एका हातात टॉर्च, खांद्याला लाइनमनचा फोन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. एकेक जोडी शोधून ते सांधत होते. "आई कशा आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. पाईपचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, पुढेही कधी नाही. आईला त्यानंतर सहा वर्षं मिळाली.

पुढे इंटरनेट आला. सुरुवातीला मॉडेम फोनच्या त्याच तारेवर चालायचा. पोरगा नेटवर बसला की फोन एंगेज. कुणाची मुलगी अमेरिकेहून तासभर फोन लावायची आणि इकडे भाऊ चॅटिंग करत बसलेला असायचा. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचा ब्रॉडबँड आला आणि हे भांडण मिटलं. आपला आवाज फोनच्या तारेत चार किलोहर्ट्झच्या खालच्या भागात जातो. ब्रॉडबँड त्याच तारेच्या बराच वरच्या भागात चालतो. दोघांना वेगळं करायला एक छोटी डबी लागते. ती डबी न लावता बेडरूममध्ये पॅरलल फोन जोडला की कानात शीळ वाजते आणि नेट तुटतो. काकांनी बी विंगच्या दारामागच्या पेटीत ही डबी एकदाच बसवून दिली, पुढे घरात कुठेही फोन जोडा. आमच्याकडे प्रत्येक फोनला वेगळी डबी, आणि पहिला पाऊस पडला की नेट गुल.

भारनियमनाच्या त्या वर्षांतली एक गोष्ट तरुण सभासदांना ठाऊक नसेल. वीज गेली तरी जुना फोन चालायचा, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधूनच तारेतून यायची. अंधारात तो वाजला की बरं वाटायचं.

१ एप्रिल २०१३ पासून पुण्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. तोवर एका जोडणीला फाटा मारून बेडरूममध्ये दुसरा टीव्ही चालायचा. आता प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स आणि वेगळे पैसे. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घ्यायच्या, पहिल्या शंभर वाहिन्यांना तेव्हा १३० रुपये अधिक कर होता. त्या महिन्यात सोसायटीच्या ऑफिसात दर संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांचे फॉर्म भरणं चालू होतं. त्याआधीच, २०१६ नंतर स्वस्त मोबाईल डेटा आला आणि लोकांनी लँडलाइन परत करायला सुरुवात केली. ज्यासाठी बापांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो नंबर मुलांनी एका अर्जावर सोडला. टेलिफोनकाका २०१८ मध्ये गेले. त्यांचा लँडलाइन शेवटपर्यंत चालू होता.

मग फायबर आली. तिच्यातला ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो केसापेक्षा कितीतरी बारीक, साधारण नऊ मायक्रॉनचा. कुठे काटकोनात वळवली की प्रकाश बाहेर गळतो. बी विंगमध्ये कंपनीच्या माणसांनी दुसऱ्या, वीस वर्षं रिकाम्या पाईपातली जीआय तार शोधली, तिला फायबर बांधली आणि दोन दिवसांत सोळा घरं जोडली. ए विंगमध्ये ती खिडकीच्या फटीतून आली. खिडकी जोरात लावली की नेट बंद.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये या सगळ्याचा हिशेब एकदम पुढे आला. आमच्या घरात मुलाचं ऑफिस, सुनेचं ऑफिस आणि सातवीतल्या नातीची शाळा एकाच वेळी सुरू झाली. राउटर हॉलच्या खिडकीशी. घरगुती वायफायच्या तेव्हा दोन पट्ट्या असायच्या. २.४ गिगाहर्ट्झची भिंतीतून बरी जाते, पण तिथे आजूबाजूच्या सगळ्या राउटरांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंत आली की दमते. मागच्या बेडरूमपर्यंत काहीच धड पोहोचत नव्हतं. हॉलमध्ये मुलाची मीटिंग, म्हणून नात उंबऱ्याजवळ चपलांच्या कपाटाशी पाट मांडून परीक्षा देत बसली. मध्येच नेट गेलं. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "आबा, समोरच्या विंगमध्ये माझ्या मैत्रिणीच्या खोलीत भिंतीतच वायर आहे. आपल्याकडे का नाही?"

तिला मी काय सांगणार? वीस वर्षांपूर्वी साडेसातशे रुपये वाचवले म्हणून, हे खरं उत्तर होतं. ते मी दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात केसिंग पट्टी मारून तिच्या खोलीपर्यंत वायर नेली.

२०२२ च्या वार्षिक सभेत ए विंगच्या डक्टचा ठराव मीच मांडला. जिन्याशेजारी नवी पट्टी, प्रत्येक मजल्यावर पेटी, प्रत्येक फ्लॅटला दोन पाईप, जुन्या लोंबत्या वायरी काढून टाकणं. खर्च एक लाख पंच्याऐंशी हजार. तयारीसाठी बिल्डरची जुनी फाईल काढली, तर त्यात काकांचा तो नकाशा निघाला. पेन्सिलने काढलेला, प्रत्येक वळणाचं माप लिहिलेलं. त्यालाच टाचणीने जोडलेला सभेचा वृत्तांत: 'खजिनदारांनी अनावश्यक खर्च म्हणून हरकत घेतली.' अक्षर माझंच. तो कागद मी सभेत वाचून दाखवला. ठराव एकमताने झाला. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते असते तर म्हणाले असते, मापं पुन्हा घ्या, भिंती सरकत नाहीत पण माणसं चुकतात."

आता तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारे देण्याचे नियम काढले आहेत. आपल्या बी विंगने हे १९९९ सालीच करून ठेवलं होतं, तेही पेन्सिलीने.

जाता जाता सभासद बंधू-भगिनींना माजी खजिनदाराच्या तीन विनंत्या. एक, कोणत्याही कंपनीचा माणूस आला तरी ऑफिसात नोंद केल्याशिवाय डक्टमध्ये ड्रिल मारू देऊ नका. दोन, फायबरमधून वीज येत नाही. घरात वडीलधारी माणसं असतील तर राउटरला आणि इंटरनेटवरच्या फोनला छोटा यूपीएस लावा, एक मोबाईल चार्ज ठेवा आणि शेजारच्या दोन घरांचे नंबर कागदावर लिहून दाराजवळ चिकटवा. तीन, ए विंगमधला दुसरा पाईप रिकामा आहे. तो भरू नका. बी विंगचा भरला आहे, तिथे नवीन टाकायचा ठराव येईल, तेव्हा खजिनदारांनी हरकत घेऊ नये.

काकांचा नकाशा फ्रेम करून ऑफिसात लावला आहे. त्याखाली ए विंगचा नवा नकाशा आहे. तो माझ्या नातीने काढला. मापं तिनेच घेतली, दोनदा.