खुंटीची किंमत : गिरणगावचे तुणतुणे आणि स्पेनची गिटार

१/ काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणगावच्या वस्त्यांमध्ये शाहिरांचे कार्यक्रम रंगत, तेव्हा पहिल्या ललकारीपूर्वी एक छोटीशी क्रिया घडे. तुणतुणेवाला बांबूच्या टोकाची लाकडी खुंटी किंचित पिळे, तार छेडून पाही आणि तिचा स्वर शाहिराच्या आवाजाशी जुळला की मगच गाणे सुरू होई. त्या सामान्य दिसणाऱ्या खुंटीचा दर्जा, रूप आणि किंमत यांविषयीचा हा थ्रेड.

२/ तुणतुण्याची रचना अगदी साधी. लाकडाचे पोकळ नळकांडे, तळाला ताणून बसवलेले चामडे, बाजूला जोडलेला बांबूचा दांडा आणि दांड्याच्या वरच्या टोकाला खुंटी. चामड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार या खुंटीवर गुंडाळलेली असते. गायकाला आधाराचा स्वर आणि लयीचा ठेका देणे, एवढेच तिचे काम.

३/ ही खुंटी केवळ घर्षणावर टिकते. तिचा आकार एका टोकाला निमुळता असतो. भोकात दाबून बसवली की लाकूड लाकडाला धरून ठेवते. म्हणून तिचा दर्जा ठरतो तो खुंटी आणि भोक यांच्या जुळणीवर. जुळणी सैल असेल तर तार उतरते. फार घट्ट असेल तर खुंटी अडते आणि मग झटक्यासरशी नको तितकी फिरते. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते आणि चामडे सैल पडते, तेव्हा हा प्रश्न अधिकच जाणवतो.

४/ येथे एक विरोधाभास आहे. हे गाणे ऐकणारा कामगार दिवसभर ज्या मागावर उभा असे, त्या मागावर विणलेले कापड गुंडाळून त्याचा ताण राखण्याचे काम दातेरी चाके करीत. चाक मागे फिरू नये म्हणून त्याला अडसरही असे. म्हणजे ताण राखण्याचे यांत्रिक तंत्र गिरणगावाला परके नव्हते. तरीही संध्याकाळच्या वाद्यावर मात्र लाकडाची खुंटीच राहिली. असे का?

५/ उत्तराचा एक धागा युरोपात सापडतो. एकोणिसाव्या शतकात तेथील गिटारींवर दातेरी चाव्यांचा प्रसार झाला. चावी फिरवली की मळसूत्राचा दांडा एका छोट्या चाकाचे दाते पुढे सरकवतो. चाकाला १४ दाते असतील तर तारेचा रूळ एकदा फिरण्यासाठी चावी १४ वेळा फिरवावी लागते. त्यामुळे स्वर बारकाईने लावता येतो. शिवाय मळसूत्र चाकाला फिरवते, पण तारेच्या ओढीने चाक मळसूत्राला उलट फिरवू शकत नाही. परिणामी तार सहसा उतरत नाही.

६/ स्पेनमध्ये आधुनिक गिटारीचा साचा घडवणारे कारागीर म्हणून अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) ओळखले जातात. त्या काळी महागड्या शिसवी गिटारींना धातूच्या चाव्या बसवल्या जात. अंदालुसियातील गरीब फ्लामेंको वादकांच्या वाट्याला सायप्रसच्या स्वस्त, स्थानिक लाकडाची गिटार येई आणि तिला लाकडी खुंट्याच असत. तिच्या रूपामागे वादकाचा खिसा होता.

७/ पण या काटकसरीचा एक लाभही झाला. खुंट्यांचे वजन धातूच्या चाव्यांपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे गिटार हलकी राहिली. आज बहुतेक फ्लामेंको गिटारींना यांत्रिक चाव्याच असतात. बाजारात साधा संच काहीशे रुपयांत मिळतो, तर नक्षीदार पट्ट्यांचा आणि शिंपल्याच्या मुठींचा हातघडणीचा संच अनेक हजारांना पडतो. तरीही काही वादक हेतुपुरस्सर खुंट्यांची गिटार मागतात. एके काळची नाइलाजाची निवड आज परंपरेची खूण झाली आहे.

८/ महाराष्ट्रातही खुंटीचे दुसरे, श्रीमंत रूप आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवण्यास प्रारंभ केला. त्यांचे शिकलगार घराणे मूळचे शस्त्रे घडवणारे. मिरजेच्या तंबोऱ्याच्या खुंट्या कठीण लाकडाच्या, घोटून गुळगुळीत केलेल्या, अनेकदा नक्षीदार असतात. खुंटीने स्वर जवळपास आणायचा आणि घोडीखालच्या तारेतील मणी सरकवून तो अचूक करायचा. यंत्रातील दात्यांचे काम येथे मणी करतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. प्रवासासाठी केलेल्या लहान तंबोरींवर मात्र आता गिटारीच्या चाव्या सर्रास दिसतात.

९/ आता पुन्हा काळाचौकीच्या प्रश्नाकडे. तुणतुण्याला तार एकच, आणि ती शाहिराच्या गळ्याशी जुळली की पुरे. उतरली तर दोन कडव्यांच्या मधल्या क्षणात पुन्हा पिळता येते. खुंटी मोडली तर कोणताही सुतार लाकडाच्या तुकड्यातून नवी घडवू शकतो. सभेत, मोर्चात, या वस्तीतून त्या वस्तीत फिरणाऱ्या वाद्यासाठी यापेक्षा योग्य साधन नव्हते. कामाच्या कसोटीवर ही स्वस्त खुंटी पूर्ण उतरत होती.

१०/ आणि तिचे काम लहान नव्हते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी गिरणगावातील कामगारांना जागे केले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ज्या शाहिरी परंपरेतून हा आवाज उठला, तिचा आधारस्वर डफाच्या साथीने तुणतुण्याच्या एका तारेवर उभा होता.

११/ १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मागांची आणि चिमण्यांची छायाचित्रे जपली गेली. खुंटी मात्र मोडली की फेकून द्यायची वस्तू, म्हणून तिची नोंद सहसा कोणी ठेवली नाही. एखाद्या घरात वा संग्रहात जुने तुणतुणे दिसले, तर त्याच्या टोकाकडे जरूर पाहावे. खुंटीचे लाकूड दांड्यापेक्षा नवे आहे का, तिच्यावर बोटांनी आलेली झिलई आहे का, भोक रुंद होऊन त्यात पाचर मारलेली आहे का? हे वाद्य किती वेळा लावले गेले, याची नोंद तेवढ्याच खुणांत शिल्लक असते.