जॉन अॅलनची पर्वतरेल्वे

इतिहास म्हटला म्हणजे तो किल्ल्यांचा, तहनाम्यांचा आणि राजवंशांचा असावयाचा, अशी आपली समजूत आहे. एखाद्या घराच्या तळघरांतील प्लॅस्टरच्या डोंगरांनाहि इतिहास असतो असें कोणी म्हटल्यास वाचक हंसतील. तथापि कॅलिफोर्नियांतील माँटेरे या गांवीं जॉन अॅलन नांवाच्या छायाचित्रकारानें जी चिमुकली रेल्वे उभारली, तिची हकीकत सांगण्याजोगी आहे खास.

अॅलनचा जन्म १९१३ सालचा. लहानपणच्या आजारानें त्याचें हृदय कायमचें दुबळें झालेलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानें पहिली रेल्वे रचली, ती अवघी साडेतीन फूट रुंद व साडेसहा फूट लांब, म्हणजे एका पलंगावर मावेल एवढीच. तिचें नांव ‘गॉर अँड डफेटिड’. हीं दोन गांवांचीं नांवें आहेत असें वाटावें. परंतु तीं भरभर उच्चारलीं कीं, इंग्रजी कानास ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असें ऐकूं येतें! पुढें माँटेरे येथील घराच्या तळघरांत सुमारें १९५३ पासून त्यानें मोठी रेल्वे आरंभिली आणि ही जुनी रेल्वे तींतच एका कोपऱ्यांत सामावून घेतली.

येथें थोडें गणित केल्यावांचून त्याच्या कारागिरीचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. त्यानें पत्करलेलें प्रमाण सत्त्याऐंशीस एक असें होतें. सहा फुटी मनुष्य या प्रमाणांत दोन सेंटिमीटरांहून किंचित् उंच भरतो. एका मैलास साठ फुटांहून अधिक जागा लागते. आणि हजार फुटांचा डोंगर करूं गेल्यास तो साडेअकरा फुटांचा होऊन छत फोडून वर जाईल! खरें वळणहि खोलींत बसत नाहीं. सव्वीस इंच त्रिज्येचें वळण घेतलें तरी तें मूळ मापानें १८८ फुटांचें होतें, आणि एवढें तीव्र वळण मोठ्या गाडीच्या मुख्य मार्गावर क्वचितच कोणी सोसेल.

अॅलननें या अडचणीसच आपली सोय करून घेतली. त्यानें देखावा निवडला तो अमेरिकेच्या पश्चिमेकडील पहाडी मुलुखाचा. तेथें कडे उभे, दऱ्या अरुंद; गाडी वळली तर ती डोंगरामुळें वळली असेंच प्रेक्षकास वाटणार. त्यानें हे डोंगर मेजावर न ठेवतां जमिनीपासून उठवून छतापर्यंत नेले, त्यामुळें पाहणारा मनुष्य दरीच्या तळाशीं उभा राही. जेथें जागा संपली तेथें त्यानें आरसे बसविले, आणि एका रस्त्याचे दोन झाले.

शिवाय त्या मुलुखाचा इतिहासहि त्याच्या उपयोगी पडला. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन कंपन्यांनीं रुळ टाकले ते घाईनें आणि तुटपुंज्या भांडवलावर. मजुरी महाग, लांकूड मात्र मुबलक. म्हणून ओढे-नाले ओलांडावयास उभ्या-तिरप्या तुळयांचे लांकडी पूल. पैसा येईल तेव्हां पक्कें बांधूं, असा हिशेब. आपल्या बोरघाटांत १८६३ सालीं गाडी सुरू झाली ती दगडी कमानींच्या पुलांवरून. दोन्ही पहाडच, पण बांधणाऱ्यांची वृत्ति किती निराळी! तो लांकडी सांगाडा अॅलनच्या दऱ्यांत पुनः जिवंत झाला.

परंतु आमच्या मतें त्याची खरी थोरवी याहून वेगळ्या गोष्टींत आहे. त्याच्या आधींच्या बहुतेक रेल्वे दुकानांतल्या खेळण्यासारख्या चकचकीत असत. अॅलननें डब्यांवर गंज चढविला, इंजिनांवर काजळी धरविली, फळ्यांचा रंग उन्हानें उडाल्यासारखा केला. जें वापरलें जातें तें मळतें, ही साधी गोष्ट. पण छंदिष्टांच्या जगांत तिनें क्रांति केली. आणि एवढा सत्याचा आग्रही मनुष्य थट्टेसहि कमी नव्हता. त्याच्या स्थानकावर डबे ढकलण्याचें काम इंजिनाऐवजीं ‘एमा’ नांवाचा एक प्राचीन सरटासुर करीत असे!

मित्रमंडळी जमून वेगानें धांवणाऱ्या घड्याळाच्या तालावर गाड्या चालवीत. अॅलन स्वतः कॅमेऱ्याचें छिद्र अत्यंत बारीक करून त्या दऱ्यांचीं चित्रें घेई, आणि मासिकांतून व जाहिरातींतून तीं हजारों घरीं पोंचलीं.

१९७३ च्या ६ जानेवारीस तो हृदयविकारानें वारला. त्यानंतर दहा दिवसांनीं घरास अपघातानें आग लागली आणि रेल्वेचा बहुतेक भाग जळून गेला. जवळजवळ वीस वर्षांचें काम! आज त्या पर्वतांपैकीं पाहावयास उरलीं आहेत तीं मुख्यतः त्यानें घेतलेलीं चित्रेंच. लिन वेस्टकॉट या संपादकानें तीं एकत्र करून ग्रंथ सिद्ध केला. पण वेस्टकॉट १९८० सालीं निवर्तला, आणि ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९८१ सालीं.