बिगुलाचे पाच सूर

आमच्या शाळेच्या बँडमध्ये बारा जण होतो. मोठा ढोल एक, साइड ड्रम चार, बासऱ्या चार, एक झांज, एक ट्रँगल आणि एक बिगुल. बिगुल माझ्याकडे. साल १९७१, मी दहावीत. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असे, त्यामुळे घरच्यांच्या मते मी अजून सुधारण्याच्या वयात होतो.

शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. रोज प्रार्थना झाली की आम्ही कूच वाजवायचो आणि त्या ठेक्यावर वर्ग ओळीने आत जायचे. शेवटचा वर्ग आत गेल्यावर आम्ही जायचो, म्हणजे गणिताची पहिली दहा मिनिटे हक्काने बुडायची. बँडमध्ये भरती होण्याचे खरे कारण हेच, हे आता सांगायला हरकत नाही.

बँड शिकवायला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. आम्ही त्यांना हवालदार सर म्हणत असू. त्यांच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर बिगुल होता. हलके पायदळ पांगून लढायचे, तिथे हुकूम तोंडाने पोचत नसे, म्हणून बिगुल, हे त्यांनीच सांगितले. मोठा ढोल आणि झांज युरोपच्या लष्करी बँडमध्ये तुर्की फौजांकडून आली, हे मात्र मी फार पुढे वाचले. इंग्रजांबरोबर तो बँड आपल्याकडे आला, छावणीतून वरातीत शिरला, आणि तिथेच आमच्या अण्णांचा राग होता. "लग्नात वाजवायला जाणार आहेस का?" एवढेच ते विचारत. त्या प्रश्नात वाजवणाऱ्यांच्या जातीचा हिशेब होता, हे मला तेव्हाही कळत होते. उत्तर देण्याची छाती नव्हती.

ड्रमला तेव्हा कातडे असे. पंधरा ऑगस्टला हमखास पाऊस, कातडी सैल पडायची आणि आवाज गाडग्यासारखा. मग आदल्या रात्री शिपायाच्या खोलीत शेगडीभोवती ड्रम मांडून आम्ही जागायचो. कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करणे आणि बिगुल चिंच लावून घासणे, ही कामेही त्याच रात्री.

बिगुलाला ना भोके, ना कळा. सगळे काम ओठांचे. ओठ आवळावेत तसा सूर वर चढतो, आणि कामाचे सूर मिळतात फक्त पाच. फौजेतले उठण्यापासून निजण्यापर्यंतचे सगळे इशारे त्या पाचांतच बसवलेले.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले. गाड्यांचे दिवे वरून निम्मे काळे झाले, आमच्या घराच्या खिडक्यांना कागद लागले. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा आम्ही गावभर वाजवत फिरलो. त्यानंतर चारेक दिवसांनी तार आली. आमच्याच शाळेतून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक मुलगा पूर्व आघाडीवर गेला होता. आघाडीवरच अंत्यसंस्कार झाले. घरी आली ती ट्रंक.

२६ जानेवारी १९७२ला झेंडावंदनानंतर त्याला मानवंदना द्यायचे ठरले. हवालदार सरांनी मला 'लास्ट पोस्ट' शिकवली. रात्रीची शेवटची चौकी तपासून झाली, हे सांगणारा हा मुळातला इशारा. पुढे तो मेलेल्या सैनिकासाठी वाजू लागला. महिनाभर मी नदीकाठी तीच वाजवत होतो.

त्या सकाळी थंडी कडाक्याची होती. पितळेचे मुखपत्र ओठांना चिकटत होते. समोर खुर्चीवर त्याचे वडील, हातात टोपी घेऊन. सुरुवात बरी झाली. शेवटाकडे वरचा सूर लांबवायचा असतो. तिथे ओठ सुटला आणि सूर फाटला. मैदानावर कोणी हसले नाही. मी कसाबसा शेवट गाठला.

सर काही बोलले नाहीत. ते वडील मात्र जवळ आले. सनद, पदक असले काही नाही, त्यांनी विचारले, "बाळ, हे तिकडं पण वाजवलं असंल का रं?" मी हो म्हणालो. मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मुखपत्र आधी खिशात गरम करायचं." मी घरी आलो तेव्हा माझ्या दप्तराशेजारी ब्रासोचा नवा डबा होता. अण्णा पेपर वाचत बसले होते.