मोबाईलमधलं मेटल डिटेक्टर ॲप जुनी नाणी शोधू शकतं का?

प्ले स्टोअरवर ‘मेटल डिटेक्टर’ टाकलं की ढीगभर ॲप्स येतात. काहींच्या नावात तर सरळ ‘गोल्ड’ असतं. मी जामनेरचा, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि सुट्टीत आमच्याच वावरात डिटेक्टर घेऊन फिरायचा छंद. त्यामुळे गावातली पोरं हमखास विचारतात, वेगळं मशीन कशाला, ॲप आहे ना? तर आधी उत्तर देतो: जुन्या नाण्यांसाठी ते ॲप काहीच कामाचं नाही.

कारण समजून घ्या. ही ॲप्स फोनमधला मॅग्नेटोमीटर वाचतात, म्हणजे होकायंत्र चालवणारा सेन्सर. तो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि लोखंडासारखी वस्तू जवळ आली की आकडा हलतो. तांबं, चांदी, सोनं, ॲल्युमिनियम यांना चुंबक लागत नाही, म्हणून सेन्सरला ते दिसतच नाहीत. घरी करून बघा. हल्लीचा स्टेनलेस स्टीलचा रुपया फोनच्या वरच्या टोकाला चिकटवून फिरवा, आकडा हलेल. मग आजीचे चांदीचे पैंजण ठेवा. ढिम्म! म्हणजे ॲपला आजचा रुपया कळतो, शिवराई कळत नाही.

खरं मशीन स्वतः चुंबकीय क्षेत्र सोडतं. खालच्या कॉइलमधून काही हजार हर्ट्झचा बदलता प्रवाह जातो, त्यामुळे जमिनीतल्या कुठल्याही धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, आणि त्यांचं उलट येणारं क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. ते किती उशिरा येतं यावरून धातूचा अंदाज लागतो आणि स्क्रीनवर आकडा दिसतो. चांदी-तांब्याचा आकडा मोठा, पातळ फॉइलचा लहान. आमच्याकडे गुटख्याच्या पुड्या इतक्या पुरलेल्या आहेत की फॉइल गाळून टाकायचा मोह होतो, पण त्याबरोबर बारीक नाणीही गाळली जातात. शिवाय खानदेशची काळी माती बेसॉल्ट खडकाची, तिच्यातच लोहयुक्त कण. म्हणून आधी ‘ग्राउंड बॅलन्स’ करावाच लागतो, नाहीतर मशीन पावलागणिक बोंबलतं. एवढं करूनही रुपयाएवढं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंतच सापडतं.

पऱ्हाटी उपटून नांगरटी झाली की शोधायला चांगलं. मला बहुतेक खिळे आणि नांगराचे तुकडे मिळतात, कधीतरी १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, साफसफाई. नाणं चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांनी घासायचं नाही. का, ते नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीच्या साठ्यावरून कळतं. १९०६ मध्ये तिथे नहपान राजाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवल्याचा हा मोठा पुरावा, आणि तो टिकलाय पुसट रेषांमध्ये. खालचा जुना चेहरा आणि वरचा नवा ठसा, दोन्ही दिसतात म्हणून. कुणी ती चकचकीत घासली असती तर?

मी काय करतो? बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणतो (बाटली नीट वाचा, शेजारीच ॲसिड असतं). त्यात नाणं काही दिवस बुडवून ठेवायचं, पाणी रोज बदलायचं, माती आपोआप सुटते. उरलेली बाभळीच्या काट्याने हलकेच, तीही ओली असतानाच. तांब्यावरचा घट्ट हिरवा-तपकिरी थर काढू नका, तो नाण्याचं कवच आहे. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्लोराइडचा रोग, ते नाणं लगेच वेगळं ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात कुठलंच नाणं ठेवू नका, प्लॅस्टिकमधून आम्ल सुटतं. कागदी पाकीट आणि सिलिका जेलची पुडी पुरे.

फोन खरा इथे कामाला येतो. नाणं उचलण्याआधी जागेवरच लोकेशनसह फोटो काढा. अक्षरं पुसट असतील तर दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. सावलीमुळे उठाव वाचता येतो.

कायद्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कळवलं आणि कुणी मालक पुढे आला नाही तर, दुसरा काही करार नसेल तेव्हा, तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक जागामालकाला. म्हणून दुसऱ्याच्या वावरात शिरण्याआधी परवानगी घ्या. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मशीन नेऊच नका, तिथे परवान्याशिवाय खोदणं गुन्हा आहे. शंभर वर्षं जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परदेशी ग्राहकाला कुरिअर करता येत नाही.

आणि ‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या, आधी फी भरा’ असा मेसेज आला तर ब्लॉक करा. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो वापरून अशी फी मागितली जाते. आपण असा व्यवहार करत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.