कामाचे तास आणि कामगारांची अक्षरओळख

प्रौढ कामगारांच्या साक्षरतेचा इतिहास लिहिताना रात्रशाळांची स्थापना, त्यांचे चालक आणि आश्रयदाते यांची नोंद सामान्यतः केली जाते. या शाळांत हजेरी टिकत नसे, ही तक्रारही जोडीला असते आणि तिचे खापर बहुधा कामगाराच्या अनास्थेवर फोडले जाते. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. मुंबईच्या गिरण्यांपुरते पाहिले तरी असे दिसते की, अक्षरओळखीचा प्रश्न मुळात वेळेचा प्रश्न होता.

या इतिहासाचा आरंभ पुण्यात होतो. जोतीराव फुले यांनी 1855 साली आपल्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यास रात्रीच शिकविता येईल, ही साधी जाणीव तिच्यामागे होती. अक्षरांचा उपयोग कशासाठी, याविषयीची त्यांची दृष्टी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात दिसते. प्राथमिक शाळांत मोडी व बाळबोध या दोन्ही लिपी आणि हिशेब शिकवावेत, असे त्यांनी त्यात सुचविले. निवेदन मुलांच्या शिक्षणाविषयीचे असले तरी त्यातील मोडीचा उल्लेख मननीय आहे. छापील पुस्तक बाळबोधीत असे; परंतु कर्जरोखा, पावती आणि हिशेब मोडीत लिहिले जात. केवळ बाळबोध शिकलेल्यास पुस्तक वाचता आले असते, पण ज्या रोख्यावर त्याने अंगठा उठविला तो रोखा मात्र वाचता आला नसता.

मुंबईत मात्र रात्रही कामगाराच्या स्वाधीन नव्हती. 1881 च्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले. प्रौढांच्या तासांस हात लावला नाही. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणीकामगारांच्या सभा भरवून सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध केला. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, अशा त्यातील मागण्या होत्या. सूर्यास्तानंतर सुटका व्हावी एवढीच ज्याची मागणी, त्याच्यासाठी रात्रशाळेची घंटा केव्हा वाजवावयाची? पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कित्येक ठिकाणी कामाचा दिवस चौदा तासांच्याही पुढे गेला. रात्रशाळेस जो दिवा हवा होता, त्याच दिव्याने कामगारास यंत्रापाशी रोखून धरले.

1911 साली दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षीच्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास प्रथमच बारा तासांची मर्यादा घातली. आणि नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविली. येथेच थांबते तर जोशी हे एक सहृदय समाजसेवक म्हणून आमच्या स्मरणात राहिले असते. परंतु 1919 मध्ये वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्या परिषदेच्या ठरावात हिंदुस्थानासाठी आठवड्यास साठ तासांचे तत्त्व आले आणि 1922 च्या कायद्याने ते अमलात आणले. 1934 मध्ये ही मर्यादा चोपन्न तासांवर आली, 1946 मध्ये अठ्ठेचाळीस तासांवर. रात्रशाळा चालविणे आणि तासांसाठी झगडणे ही जोशींची दोन निराळी कार्ये मानली जातात. आमच्या मते ती एकाच कार्याची दोन अंगे होत.

पुढील प्रयत्नांची वाटही याच दिशेने गेली. 1939 मध्ये मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षण समिती स्थापन झाली. 1958 मध्ये नागपूर येथे मुख्य कचेरी असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ निघाले. त्याचा मुख्य भर कामगारसंघटनेच्या शिक्षणावर होता. कामगारांतूनच शिक्षक तयार करून कारखान्याच्या पातळीवर वर्ग चालविण्याची पद्धत त्याने रूढ केली. 1967 मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. कामगाराचा धंदा, त्याची गरज आणि त्याची सवड यांवरून अभ्यासक्रम बेतावा, हे त्याचे सूत्र होते. शाळेच्या वेळेस कामगार, या क्रमाऐवजी कामगाराच्या वेळेस शाळा, हा क्रम आता मान्य झाला.

1948 च्या कारखाना कायद्याने कामगारांसाठीच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, असे बंधन घातले. भाषा भिंतीवर आली, तरी वाचणारा सिद्ध झाला होता असे नव्हे. हक्काचा कागद वाचण्यासाठी अक्षरे लागतात, अक्षरांसाठी फुरसत लागते, आणि फुरसत मिळविण्यासाठी पुन्हा तोच हक्क बजावावा लागतो. हे चक्र जोशींनी दोन्ही बाजूंनी भेदू पाहिले.

आजही कंत्राटी कामावर दहा-बारा तास राबणारा प्रौढ वर्गास आला नाही, तर हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करण्यापूर्वी त्याच्या सुटण्याची वेळ विचारणे, हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.